संध्याकाळ नसलेलं बंदर

माझी पहिली छापून आलेली कथा ज्या गृहस्थांनी डहाणू तालुकाभर फिरून नासवली, ते माझे घरमालक होते. आणि नासवून झाल्यावर त्यांनी मला चहा पुढे केला होता. हा किस्सा मी पुष्कळांना हसत हसत सांगितला आहे. पण त्या दिवशी मला अजिबात हसू आलं नव्हतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

कथा मुंबईच्या एका दिवाळी अंकात आली होती. घरमालकांनी मैद्याची खळ शिजवली, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरली, आणि जिथे जिथे तो अंक असेल असं त्यांना वाटलं तिथे तिथे ते एसटीने गेले. स्टेशनसमोरचा पेपरवाला, गावातलं वाचनालय, चारोटी नाक्यावरचा स्टॉल आणि, माझं दुर्दैव, तालुक्याबाहेरची, तलासरीची माझी शाळा. प्रत्येक अंकात, माझ्या कथेच्या शेवटच्या पानावर, त्यांनी एक चिठ्ठी चिकटवली. अक्षर मोत्यासारखं:

‘दुरुस्ती. या कथेतील जगात सूर्य मावळत नाही. सबब तेथे सांज होत नाही व वारा फिरत नाही. होड्या परत कशा येतात हे जाणून घ्यायचे असल्यास आगर येथे सकाळी भेटावे.’

खाली नाव नाही, पत्ता नाही. आगरमध्ये, म्हणजे आमच्या गावात, कोणालाही विचारलं तर घर दाखवतील, याची त्यांना खात्री. शाळेत ते मधल्या सुट्टीत येऊन गेले, शिपायाने त्यांना माझे वडील समजून स्टाफरूममध्ये बसवलं, आणि त्यांनी शांतपणे आपलं काम उरकलं. दुसऱ्या दिवशी गणिताचे सर मला म्हणाले, “मॅडम, तुमच्याकडे संध्याकाळ होत नाही म्हणे. मग शाळा सुटणार कधी?” सगळी स्टाफरूम खदाखदा हसली. मुख्याध्यापकसुद्धा.

हे गृहस्थ जन्मभर बर्फाच्या कारखान्यात ऑपरेटर होते. मासेमारीच्या होड्यांना लागणारा बर्फ. अमोनियाचा कॉम्प्रेसर, मिठाच्या पाण्याची टाकी, त्यात बुडवलेले डबे आणि डब्यातून निघणाऱ्या लाद्या, एवढ्यावर त्यांचा संसार झाला. शिक्षण बारावी नापास. हे मी मुद्दाम सांगते, कारण तेव्हा माझ्या संतापात याचाही वाटा होता. मी एम.ए., मराठी विषय, मूळची नगरकडची, शाळेच्या भित्तिपत्रकाची संपादक. आणि हे मला शिकवणार!

त्यांचा एक प्रश्न होता, आणि तो ते कोणालाही, कशाबद्दलही विचारत. “ते ठीक. पण उष्णता जाते कुठे?” थंडी तयार करता येत नाही, असं ते सांगत. थंडी म्हणून काही नसतंच. एका जागची उष्णता उचलून दुसऱ्या जागी नेऊन टाकायची, एवढंच माणसाच्या हातात आहे. शेजारच्या सुनेने एकदा उकाड्याने हैराण होऊन फ्रिजचं दार उघडं टाकलं आणि पोरांना पुढ्यात बसवलं. हे कळल्यावर ते तरातरा तिच्या स्वयंपाकघरात शिरले, फ्रिजच्या मागे तिचा हात धरून लावला आणि म्हणाले, “बघ, खोली गार होतेय की गरम? समोर गार, मागे दुप्पट गरम.” ती बिचारी घाबरून गेली. खोटेपणा त्यांना कुठेही सहन होत नसे. गुजरात हाकेच्या अंतरावर, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात गुजराती मिसळलेलं असे. न पटलेल्या गोष्टीला त्यांच्याकडे दोनच शब्द होते, “खोटी वात”, म्हणजे खोटी गोष्ट.

घरात तीन थर्मामीटर. एक दाराच्या चौकटीवर, एक माठावर, एक माझ्या खोलीच्या छताखाली. तिसरं बघायला ते दररोज सकाळी मी शाळेला निघायच्या वेळीच येत, आकडा वाचत आणि “बराबर” म्हणून जात. मला ते थर्मामीटर फोडून टाकावंसं वाटे.

मी कथा लिहिते हे त्यांना कळलं आणि त्यांनी ती वाचायला मागितली. सूर्य विझलेल्या ग्रहावर काचेचं शहर, आणि ते एका नीलमण्याच्या तेजावर उबदार राहिलेलं, अशी ती कथा होती. त्यांनी ओट्यावर बसून ओळीवर बोट ठेवत वाचली.

“मणी तापतो कशाने?”

“काका, कल्पना आहे ती.”

“कल्पना असू द्या. तापतो कशाने? आणि काचेतून उष्णता जाते कुठे? आमच्या टाकीला वीतभर भुशाचं अस्तर होतं, तरी गळती व्हायची. तुमचं शहर दोन दिवसांत लादी होईल, बाई. माणसांसकट. खोटी वात.”

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मी शहराच्या काचेला दुहेरी अस्तर घातलं. सगळ्यात जास्त चीड मला याचीच आली.

मग एकदा त्यांनी आपलं जग दाखवलं. कारखाना बंद पडला तेव्हा कोऱ्या नोंदपत्रकांचे गठ्ठे त्यांनी घरी आणले होते. छापील रकाने: वेळ, दाब, तापमान, शेरा, तपासणाऱ्याची सही. त्यावर त्यांनी सात वर्षं खपून एक बंदर लिहिलं होतं. गोष्ट नव्हे. एकाही माणसाला नाव नव्हतं. नुसतं ते बंदर कसं असेल, एवढंच. प्रत्येक पानावरचा ‘वेळ’ हा रकाना पट्टी ठेवून खोडलेला होता.

“आपला चंद्र आपल्याला एकच तोंड दाखवतो की नाही?” ते म्हणाले. “तसं हे जग त्याच्या सूर्याला एकच तोंड दाखवतं. एका अंगाला कायम ऊन, दुसऱ्या अंगाला कायम काळोख. मधे एक चिंचोळी पट्टी. तिथे सूर्य क्षितिजावर टेकलेला. उगवत नाही, मावळत नाही. त्या पट्टीवर माझं बंदर. एवढं एकच मी मनाचं घेतलंय. यापुढचं सगळं हिशोबाने.”

आणि खरंच सगळं हिशोबाने होतं. काळोखाकडची हवाच गोठून लादी होऊ नये म्हणून वारा किती वाहायला हवा, ते होतं. जमिनीलगत वारा कायम गारठ्याकडून उन्हाकडे, आणि उंचावरून परत. भरती-ओहोटी नाही, पाणी एकदा फुगलं ते तिथेच थांबलं. चिकूची झाडं होती, पण त्यांना पानं एकाच अंगाला, कारण दुसऱ्या अंगाला ऊन कधी येतच नाही. दिवस नाहीत म्हणून तिथले लोक झोपांवर मोजतात: चार झोपांपूर्वी लग्न झालं, दहा झोपांनी पाहुणे येतील. हे वाचताना माझी बोटं शिवशिवली. इतकी खरी जागा मला कधी सुचली नव्हती. ठरलं असं, की जग त्यांचं, माणसं माझी.

त्या जगाला एक तपासनीस होती. गावातली मासे विकणारी मावशी दिवसाआड येई. घरमालक एकटे, विधुर. मावशी त्यांच्याच ओट्यावर विळी मांडून मासे साफ करून देई, आणि हे तिला बंदराची खबर पंचांग सांगावं तशी सांगत. मावशीला ते जग खोटं आहे की खरं याच्याशी घेणंदेणं नव्हतं. तिथे धंदा कसा चालतो, एवढंच ती बघे. ऊन तिरपं आणि मऊ, मग बोंबील वाळणार किती दिवसांनी, हे तिनेच विचारलं होतं. त्या एका प्रश्नापायी ह्यांनी अख्खं गाव उन्हाच्या बाजूला चार कोस सरकवलं.

एका सकाळी मीही तिथे होते. हे म्हणाले, “मावशी, तिथे वारा एकाच बाजूचा. गारठ्याकडून उन्हाकडे.”

मावशीचा हात थांबला. “कायमचा?”

“कायमचा.”

“मंग होडी गेली ती गेलीच की. जाताना वारा हाय, येताना काय हाय?”

मी पहिल्यांदाच त्यांना निरुत्तर झालेलं पाहिलं आणि मनातून सुखावले. ते म्हणाले, “विचार करतो.”

“करा,” मावशी म्हणाली. “पन वारा फिरवू नका. वारा आपल्यासाठी फिरत नाय.”

“नाही फिरवणार,” हे म्हणाले.

पुढचे तीन महिने त्यांनी मला वैताग आणला. परसात पत्र्याची लांबट टाकी आणली, खारं पाणी भरलं, एका टोकाला बर्फ ठेवला, दुसऱ्या टोकाखाली स्टोव्ह पेटवला, आणि बर्फाच्या अंगाने टेबलफॅन लावला. पाण्यात कुंकू सोडायचं आणि बघत बसायचं. माझं कुंकू, माझा टेबलफॅन. मे महिन्यात. मी घामाने निथळत वह्या तपासायची आणि परसातलं काल्पनिक बंदर वारा खायचं. शेवटी एकदा त्यांनी हाका मारल्या. मावशीही आली. वरवरचं बोटभर पाणी पंख्याच्या वाऱ्याबरोबर उन्हाकडे सरकत होतं. पण त्याच्याखाली कुंकवाचा एक जाड पट्टा उलटा, बर्फाकडे, सावकाश येत होता.

“तापलेलं पाणी पसरतं,” हे म्हणाले. “वाऱ्याखालून घराकडे येतं. पण होडी तर वर तरंगते. ती काय करणार?”

मावशी वाकून बघत राहिली. मग सरळ झाली. “शीड उतरवा. डोल टाका खाली. खालच्या पान्यात डोल भरली की होडीला वढील. आमच्याकडं वढते तशी.”

डोल म्हणजे पिशवीसारखं लांब जाळं. ते प्रवाहात तोंड उघडून उभं राहतं, आणि भरलं की त्याची ओढ होडीला कळते, एवढं मला तोवर माहीत झालं होतं. हे आत गेले, नोंदपत्रक आणलं, शेऱ्यात लिहिलं, ‘होड्या परत येतात’, आणि सहीच्या रकान्यात मावशीला सही करायला लावली. तिने हात पुसून, सावकाश, पूर्ण नाव लिहिलं.

मी कथा लिहिली. तिच्यात मी जीव ओतला, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. शेवटचं दीड पान होड्या परतण्याचं होतं. शिडं उतरतात, जाळी खाली जातात, वारा तोंडावर आपटत असतो आणि तरीही होड्या त्याच्या उलट, तसूतसूने घराकडे सरकतात.

संपादकांचा फोन आला. “मॅडम, कथा झकास. फक्त शेवटी ते जाळं, ते पाणी, फार तांत्रिक झालंय. वाचक अडखळतो. मी दीड पान काढून एक वाक्य टाकलंय, ऐका: ‘सांज झाली, वारा फिरला आणि होड्या घराकडे वळल्या.’ लय बघा!”

आज ते वाक्य आठवलं तरी मस्तकात तिडीक जाते. जिथे सूर्य मावळत नाही तिथे सांज! ज्या वाऱ्यावर सगळं जग उभं, तोच फिरवला, तोही लयीसाठी! काल्पनिक आहे ना, मग काहीही चालतं, असं समजणारी ही माणसं. एखाद्या कथेत पुण्याहून निघालेली गाडी पुढच्या स्टेशनला नागपूर दाखवली तर हेच लोक हसतील. पण जग मनातलं असलं की तिथे गाडी कुठेही नेऊन उभी करायला ते मोकळे. वाचक अडखळतो म्हणे. कोणत्या वाचकाला विचारलं होतं त्यांनी?

अंक आला. चिठ्ठ्या लागल्या. स्टाफरूम हसली. मी त्या दिवशी तलासरीहून तणतणत आले ती थेट ओट्यावर.

“काका, हा काय आगाऊपणा? माझी पहिली कथा! लोकांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत.”

“बाई, चहा घ्या.”

“नको मला चहा. काही खुपलं होतं तर मला सांगायचं. तालुकाभर खळ घेऊन फिरायची काय गरज होती?”

त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. “ते वाक्य तुमचं?”

“संपादकांचं आहे.”

“तुम्हाला विचारलं नव्हतं?”

विचारलं होतं. फोनवर विचारलं होतं आणि मी ‘चालेल’ म्हणाले होते. एका श्वासात. अंकात नाव येणार याच्या आनंदात. हे मी तोवर कोणालाही सांगितलं नव्हतं आणि त्यांनाही सांगितलं नाही. पण मी कप उचलला, आणि त्यांना कळलं.

“मी मावशीला वाचून दाखवली,” ते म्हणाले. “पहिल्यापासून. शेवटचं वाक्य ऐकलं आणि ती उठली. पापलेट अर्धं कापलेलं, तसंच टाकून गेली. आज चार दिवस झाले, आलेली नाही.”

मग त्यांनी मला सांगितलं. चार वर्षं मी त्या घरात राहत होते, मावशीकडून मासे घेत होते, आणि मला हे माहीत नव्हतं. मावशीच्या नवऱ्याची होडी बऱ्याच वर्षांपूर्वी इंजिन बंद पडून भर समुद्रात उभी राहिली होती. वारा जमिनीवरून सुटलेला. दुसऱ्या होडीवाल्यांनी त्यांना दुरून पाहिलं, दोर टाकू का विचारलं. दुपारनंतर वारा फिरतोच, फिरला की शिडावर येतो, तुम्ही पुढे व्हा, असं मावशीच्या नवऱ्याने ओरडून सांगितलं. त्या दिवशी वारा फिरला नाही. ना होडी सापडली, ना माणूस.

“तिला शब्द दिला होता,” ते म्हणाले, “की वारा फिरवणार नाही म्हणून.”

चिठ्ठ्या वाचकांसाठी नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं. जिथवर ते वाक्य गेलं होतं, तिथवर त्याच्या मागे जाऊन ते खोडायचं होतं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि तो राग आता कोणावर काढायचा हे कळत नव्हतं. संपादक तर मला ओळखतही नव्हते. ‘चालेल’ मी म्हणाले होते.

एक गंमत सांगायची राहिली. त्या चिठ्ठीवरून खरोखरच एक माणूस आला. कैनाडचा भातशेती करणारा, पन्नाशीचा, जन्मात होडीत न बसलेला. सकाळी सायकलवरून आला, अंक पिशवीत. “वाचनालयात वाचलं. म्हटलं, होड्या कशा येतात ते विचारून यावं. रुखरुख लागली.” ह्यांनी त्याला टाकी भरून दाखवली. तो पुन्हा पुन्हा “अरे वा” म्हणत राहिला आणि जाताना तांदूळ देऊन गेला. माझ्या कथेविषयी काही विचारायला आजपर्यंत आलेला तो एकमेव वाचक. आणि तो काढून टाकलेल्या दीड पानासाठी आला होता. संपादकांना हे पत्राने कळवलं. उत्तर आलं नाही.

घरमालक गेल्या वर्षी गेले. वापीहून त्यांचा मुलगा आला, दोन दिवसांत घर रिकामं केलं. थर्मामीटर त्याने फेकून दिले. नोंदपत्रकांचे गठ्ठे रद्दीवाल्याच्या काट्यावर चढलेले मी पाहिले आणि माझा आवाज इतका चढला की गल्ली गोळा झाली. “पप्पांचं काय होतं त्यात, मॅडम? नुसते आकडे,” तो म्हणाला. नुसते आकडे! मी गठ्ठे उचलून खोलीत नेले आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर एकदा मावशीला बोलावलं. ती मधल्या काळात पुन्हा येऊ लागली होती, काकांनी तिची काय समजूत घातली कोण जाणे. मी म्हटलं, “मावशी, कथा पुन्हा ऐकता? या वेळी पूर्ण आहे.” ती ओट्यावर बसली. मी वाचली. शिडं उतरली, जाळी खाली गेली, वारा तोंडावर घेत होड्या तसूतसूने आल्या. मावशी पदराला हात पुसत ऐकत होती. शेवट झाला तेव्हा तिने मान हलवली. पटल्याची.

मग म्हणाली, “सगळ्याच येतात?”

मी पान खाली ठेवलं. “म्हणजे?”

“एकादी ऱ्हातेच. डोल फाटते. तिची बाय किनाऱ्यावर उभी असंल. ती किती दिवस बघते वाट?”

मी नोंदपत्रकं चाळली. वेळेचा रकाना सगळीकडे खोडलेला. “तिथे झोपांवर मोजतात, मावशी. काकांनी लिहिलंय.”

“जिचा मानूस दर्यात हाय ती झोपते काय?”

मी पुन्हा पान उलटलं.

“मंग तिचा एकच दिवस,” मावशी म्हणाली. रडली नाही. बोंबलाचं विचारलं होतं त्याच आवाजात बोलत होती. “तिनं घरला जायाचं कवा?”

आत गठ्ठ्याला टेकवून ठेवलेली शेरे लिहायची काकांची लाल पेन्सिल होती. मी ती आणली, शेऱ्याच्या रकान्यात मावशीचा प्रश्न लिहिला, सहीची जागा मोकळी ठेवली. आमच्यात उत्तर देणारं माणूस आता नव्हतं. त्यांनी जे म्हटलं असतं तेच शेवटी मला म्हणावं लागलं.

“विचार करते, मावशी.”

“करा,” पाटी डोक्यावर घेत ती म्हणाली. “पन सांज आनू नका.”